‘एवढ्या लांब जाऊन धुकं बघितलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत: दोन विमानं बदलून रिओला गेलो आणि येशूच्या त्या जगप्रसिद्ध पुतळ्याची फक्त पावलं दिसली, सासूबाईंना पायऱ्या चढवल्या, अर्ध्या तासात हाकलत खाली आणलं, आणि आम्ही ट्रेनमध्ये बसलो तेव्हा वर लख्ख ऊन. ऑफिसातल्या पोरांनी ‘हवामान आमच्या हातात नसतं’ असं दोन ओळींचं उत्तर तयार ठेवलं होतं. ते मी टाकू दिलं नाही. टूर लीडरशी आणि तुमच्याच ग्रुपमधल्या दोघांशी बोललो, मग लिहायला बसलो.

आधी ढगांचं. पुतळा उभा आहे तो कोर्कोवादो डोंगर सुमारे ७०० मीटर उंच, समुद्रापासून जवळ. दमट वारा त्याला धडकून वर चढतो आणि माथ्यावर ढग धरतो, आपल्या घाटमाथ्यावर होतं तसंच. त्यात तुम्ही गेलात जानेवारीत. तिकडे तेव्हा भर उन्हाळा आणि पाऊसही त्याच दिवसांत. आकाश मोकळं मिळायचं तर जून ते ऑगस्ट बरा. मग जानेवारीत टूर काढतोच कशाला? कारण लोकांना नाताळाला जोडून रजा मिळते आणि ती टूर भरते. पण हे आमच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेलं नव्हतं. छापायला हवं होतं.

खरी चूक याहून मोठी आहे. तुमचं हॉटेल बोताफोगोला होतं. तिथे रस्त्यावर येऊन मान वर केली की पुतळा दिसतो. त्या सकाळी आमच्या माणसाने नाश्त्याआधी बाहेर येऊन बघितलं, तर पुतळा सोडा, डोंगराचा खांदाही दिसत नव्हता. म्हणजे त्याला कळलं होतं. रिओतलाच दुसरा डोंगर, शुगरलोफ, ३९६ मीटरचाच, तो पुष्कळदा ढगाच्या खाली राहतो. आधी तिकडे जाता आलं असतं. पण कोर्कोवादोच्या ट्रेनची ३१ तिकिटं ठरलेल्या वेळेची, आधीच काढलेली. ती फुकट जातील म्हणून तो गप्प बसला आणि तुम्हाला बसमध्ये बसवलं. वर काही दिसणार नाही हे तुम्हाला चहाच्या टेबलावर सांगून ‘काय करायचं?’ एवढं विचारायला हवं होतं. तिकिटांचं नुकसान आमचं होतं, ते आम्ही तुमच्या दिवसावर ढकललं.

पायऱ्यांचंही तुमचं बरोबर. वर २००३ पासून लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. लिफ्टला रांग होती म्हणून सगळ्यांना दोनशेच्या वर पायऱ्या चढवल्या. सासूबाईंना बाजूला घेऊन रांगेत थांबायला कोणीतरी हवं होतं. दुपारी शुगरलोफ गाठायचं म्हणून घाई, हेही आमचंच कर्म. दोन डोंगर एका दिवसात कोंबले.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलंच नाहीत. त्या धुक्यात आमचा माणूस अर्धा तास घड्याळ बघत उभा होता. तेवढ्यात खूप सांगता आलं असतं. सबंध पुतळ्याला मऊ दगडाचे छोटे त्रिकोणी तुकडे जडवलेत. ते तुकडे कापडावर चिकटवणाऱ्या बायकांनी कित्येकांच्या पाठीवर आपल्या माणसांची नावं लिहिली, असं सांगतात. खाली चौथऱ्यात छोटं प्रार्थनाघर आहे, अपारेसिदा मातेचं, म्हणजे येशूची आई मेरी हिचं. सासूबाई विचारत होत्या ना, ‘देव आहे तर गाभारा कुठाय?’ दोन मिनिटांवर होता, ताई. त्याला ढग आड येत नाही.

आता दोन-तीन गोष्टी मात्र मला मान्य नाहीत. ‘पुतळा फोटोत वाटतो तेवढा मोठा नाही’ हे पावलांवरून ठरवू नका. पुतळा ३० मीटर, चौथरा ८ मीटर, आणि पसरलेले हात या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ मीटर. १९३१ साली हे काम पूर्ण झालं.

‘वाटेत फणसाची झाडं दाखवली, ती कोकणातही आहेत’ असंही लिहिलंत. आहेत की! आपल्या बाजूचा फणस पोर्तुगीजांनी तिकडे नेला आणि तिकडचा काजू आपल्याकडे आणला. ट्रेन जाते ते तिजुकाचं जंगल कॉफीच्या मळ्यांसाठी तोडलं होतं. शहराचं पाणी आटायला लागलं तेव्हा १८६१ पासून ते पुन्हा लावलं. मला विचाराल तर पुतळ्याइतकंच ते बघण्यासारखं आहे.

आणि धपाट्यांची पिशवी पळवणारं ते ‘मुंगूस’ म्हणजे क्वाटी. लांब नाक, शेपटीवर पट्टे. वर खाण्याची पिशवी उघडू नका, हे आम्ही बसमध्ये सांगितलं होतं. त्याची भरपाई मागू नका.

बाकीचं असं. त्या दिवसाचं ट्रेनचं तिकीट आणि बसचा खर्च, तिघांचा, परत करतोय. पूर्ण टूरचे पैसे देणार नाही. इग्वासूचा धबधबा तुम्हाला आवडला, हे तुम्हीच लिहिलंय. पुढच्या टूरपासून कोर्कोवादोला सकाळ मोकळी, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ राखीव. त्याने टूर एका रात्रीने लांबेल, दरही थोडा वाढेल.

बुधवारी मी स्वतः फोन करतो, दुपारी चारनंतर चालेल ना? सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायची राहिली आहे.