चूक सुधारा, पण विचार बदलला असेल तर तसं सांगा

आमचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, पुस्तकातल्या नियमांनुसार फासे टाकत खेळायचा खेळ, ऐन रंगात आला होता. पुलावर लढाई, आमच्या फायटरकडे, म्हणजे लढवय्या पात्राकडे, जीव मोजणारे हिट पॉइंट उरले होते सहा. त्याचा खेळाडू म्हणाला, "मला जितक्या वेळा मार बसेल तितक्या वेळा मी उलटा वार करतो, ती अ‍ॅबिलिटी आहे माझी." समोरच्या मैत्रिणीने स्वतःचं पुस्तक उघडलं. "अरे, इथे तर फेरीत एकदाच लिहिलंय."

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. मुखपृष्ठ तेच, पान तेच, परिच्छेद तोच. फरक दोन शब्दांचा. मग कॉपीराइटच्या पानावरची ती बारीक आकड्यांची ओळ शोधली, तेव्हा कळलं की त्याचं पुस्तक पहिल्या छपाईचं आहे आणि तिचं तिसऱ्या. मधल्या काळात नियम बदलला होता आणि पुस्तकात कुठेही तसं म्हटलेलं नव्हतं. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी आणि नियमांचा निकाल देणारी, मी होते. त्या रात्री मी त्याच्या पुस्तकाप्रमाणे निकाल दिला, कारण आठ महिने त्याने ते पात्र त्या एका परिच्छेदाच्या भरवशावर वाढवलं होतं.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे कुठल्याही गेममध्ये होऊ शकतं, आणि माझी तक्रार एका प्रकाशकाबद्दल नाहीच. तक्रार आहे 'इरेटा' या शब्दाबद्दल, त्याच्या आड काय काय खपवलं जातं त्याबद्दल.

आपल्याकडे याला शुद्धिपत्र असा स्वच्छ शब्द आहे. एका रकान्यात अशुद्ध, दुसऱ्यात शुद्ध. लेखकाला जे म्हणायचं होतं ते छापताना बिघडलं, ते आता नीट केलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकांना शुद्धिपत्राची गरज फार. शेकडो पानं, हजारो आकडे, एक नियम दुसऱ्याला टेकलेला. नव्वदच्या दशकात 'डी अँड डी'च्या (म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमच्या) तेव्हाच्या प्रकाशकाच्या, टीएसआरच्या, 'एन्सायक्लोपीडिया मॅजिका'मध्ये कुणीतरी 'मेज' (इंग्रजीतला जादूगार) शब्दाच्या जागी सगळीकडे 'विझर्ड' घातला, आणि 'डॅमेज'चं 'डॅविझर्ड' होऊन छापलं गेलं! व्हाइट वुल्फ या दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकांत पानाचा आकडा न भरता 'पाहा पान एक्सएक्स' असंच राहून गेलेलं जुन्या खेळाडूंना आठवत असेल. अशा चुकांबद्दल मला जराही राग नाही. दुरुस्ती आली की मी पेन्सिलने समासात लिहून ठेवते, बाजूला तारीख घालते.

पण 'डी अँड डी'च्या चौथ्या आवृत्तीतला 'मॅजिक मिसाइल' हा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, बघा. त्याआधी वर्षानुवर्षं हा स्पेल हमखास लागायचा. २००८ मध्ये ठरवलं की नेम लागतो का ते फासा टाकून बघायचं. २०१० मध्ये पुन्हा ठरवलं की हमखासच लागू दे. यात छपाईची चूक कुठे आहे? डिझायनरांचं मत बदललं. बदलावं की, मला तो बदल आवडलाही. पण तो आला नेहमीच्या दुरुस्त्यांच्या यादीतून, टायपोंच्या रांगेत बसून.

'हीलिंग स्पिरिट'चं उदाहरण जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. हा स्पेल 'डी अँड डी'च्या २०१७ च्या 'झॅनाथर्स गाइड'मधला, दुसऱ्या लेव्हलचा, म्हणजे खालच्या पातळीचा. एक आत्मा एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, एका जागी थांबतो आणि त्या जागेतून जाणाऱ्याला दर फेरीला सहा बाजूंच्या एका फाशाइतके हिट पॉइंट परत देतो. किती वेळा, याला मर्यादाच नव्हती. लढाई संपली की पाच जणांनी रांगेने आतबाहेर करायचं. सरासरी साडेतीन धरली तर पन्नास वेळांचे १७५ पॉइंट, तेही दुसऱ्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये, म्हणजे स्पेल एकदाच टाकून. २०२० च्या इरेटाने मर्यादा घातली: स्पेलकास्टिंग मॉडिफायर (पात्राच्या जादूच्या कुवतीचा आकडा) अधिक एक, इतक्याच वेळा. मॉडिफायर चार असेल तर पाच वेळा, म्हणजे सरासरी साडेसतरा. १७५ वरून साडेसतरा! बदल हवा होता हे मला मान्य आहे. पण दहाव्या हिश्शावर आणणं हे शुद्धलेखन नव्हे. तो नवा नियम आहे. 'आम्ही हा स्पेल जास्तच ताकदवान केला होता, आता कमी करतोय' एवढं एक वाक्य शेजारी छापलं असतं तर खेळाडूला पुस्तक आणि आपली समज यांत कोण चुकलं हे शोधत बसावं लागलं नसतं.

हे नीट करता येतं. २००३ मध्ये 'डी अँड डी'ने तिसऱ्या आवृत्तीत मोठे बदल केले. 'हेस्ट' या स्पेलमुळे एका फेरीत दोन स्पेल टाकता यायचे, ते बंद झालं. पण पुस्तकावर ठळक ३.५ छापलं. तीन वर्षांत पुन्हा पुस्तकं घ्यावी लागली म्हणून लोक चिडले, तो राग रास्तच होता, पण टेबलावर कोण कुठला नियम खेळतंय यात गोंधळ नव्हता. पायझो या प्रकाशकाने २०२३ मध्ये आपल्या 'पाथफाइंडर' गेमच्या दुसऱ्या आवृत्तीची फेरमांडणी केली तेव्हा पुस्तकाचं नावच बदललं, 'कोअर रूलबुक'च्या जागी 'प्लेअर कोअर'. त्याआधी त्यांच्या दुरुस्त्याही छपाईवार मांडलेल्या असायच्या. माझ्या हातातली प्रत कितवी, मला काय काय बदलायचं, दोन मिनिटांत समजतं.

कागदावर निदान जुनं पान उरतं. पडद्यावरचं काय? डिसेंबर २०२१ मध्ये 'डी अँड डी'च्या 'व्होलोज गाइड'मधले राक्षसांच्या स्वभावाबद्दलचे परिच्छेदच्या परिच्छेद इरेटा म्हणून काढले गेले, आणि डिजिटल प्रत विकत घेतलेल्यांच्या पुस्तकातूनही ते गेले. ते परिच्छेद ठेवावेत की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि नव्या पुस्तकात ते नसणं मला पटतं. विकलेल्या पुस्तकातून मजकूर उचलणं पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डी अँड डी बियाँड' या गेमच्या अधिकृत वेबसाइटने २०१४ च्या नियमांतले स्पेल आणि जादूच्या वस्तू कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या पानावर) नव्या रूपात बदलायचं जाहीर केलं. चालू कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एका कथेच्या, मधोमध! खेळाडूंनी एवढा आवाज उठवला की काही दिवसांत निर्णय मागे घेतला. तो आवाज उठवणाऱ्यांची मी आभारी आहे.

"गेम मास्टरच्या शब्दापुढे काय, तुम्ही जुनाच नियम खेळा," असं नेहमी ऐकवलं जातं. खेळतेच मी. पण पाच अनोळखी माणसं पहिल्यांदा एकत्र बसतात तेव्हा त्यांच्यात सामाईक असं फक्त ते पुस्तक असतं. दोघांची पुस्तकं वेगळं बोलायला लागली की वाद नियमाचा राहत नाही, एकमेकांच्या खरेपणाचा होतो. त्या रात्री आमचा फायटर दोनदा म्हणाला, "मी खोटं नाही बोलत, बघ, छापलंय इथे."

तेव्हापासून नवीन कॅम्पेनच्या पहिल्या बैठकीत पात्रं बनवण्याआधी मी सगळ्यांना पुस्तकाचं कॉपीराइटचं पान उघडायला लावते. प्रत्येकाची छपाई कितवी ते वहीत लिहिते, अ‍ॅप वापरणाऱ्याच्या नावापुढे तारीख टाकते. मग कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या आपल्याला मान्य, ते सगळे मिळून ठरवतो, आणि ती तारीख कॅम्पेन संपेपर्यंत हलत नाही.