बाहेर बसलेल्या नवऱ्याला गाणी ऐकू द्या

दुपारपासून डोकं सणकलंय. आत्ता लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

भावजय लेबर रूममध्ये, पहिलटकरीण. धाकटा भाऊ बाहेर बाकावर, कानात इयरफोन, डोळे मिटलेले. तेवढ्यात आमच्याच नात्यातल्या एक बाई सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "बायको आत कळा सोसतेय आणि तू गाणी ऐकतोस? काही वाटतं का?"

त्याने निमूटपणे इयरफोन खिशात घातले. थोड्या वेळाने सिस्टरने सहीला कागद दिला, तेव्हा त्याचा हात इतका थरथरत होता की पेन धरता येईना.

अहो, तो मोबाइलवर तानपुरा ऐकत होता! लहानपणी पेटीच्या क्लासला जायचा, तेव्हापासून जीव घाबरला की हेच लावतो. त्यात शब्द नाहीत, चाल नाही; त्या संथ सुराबरोबर श्वासही हळूहळू संथ होतो. रियाज केलेल्या कुणालाही विचारा.

पहिल्या बाळंतपणात जोराच्या कळा बारा-बारा तास चालू शकतात. तेवढा वेळ या पोराने करायचं काय? रडला तर बायल्या, शांत बसला तर निर्दयी!

दुखतं तिलाच, मान्य. वॉर्डात स्पीकरवर गाणी लावणाऱ्याला तर मीच बाहेर काढीन.

पण कळांच्या मधल्या उसंतीत तीच सिस्टरला विचारत होती, "हे बाहेर ठीक आहेत ना?" हे कळल्यावर माझे डोळे भरून आले. तो शांत असणं तिलाही हवं होतं. (मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.)

फिलिपिन्समध्ये पहिल्यांदा बाप होणाऱ्यांना मुद्दाम संगीत ऐकवून पाहिलंय, त्यांची धास्ती कमी झाली. आपल्याकडे 2016 पासून सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीजवळ घरचं माणूस थांबू शकतं. पहिला मान बाईमाणसाचा, पण आडोशाची नीट सोय असेल तर नवऱ्यालाही घेता येतं. तरी आपण त्याला बाहेर बसवतो आणि वर त्याचे इयरफोनही काढायला लावतो.

ज्यांच्या घरी सातवा-आठवा महिना चालू आहे त्यांनी आत्ताच दोघांनी बसून गाणी निवडा, मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, दवाखान्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. एक कान मोकळा ठेवा, सिस्टरची हाक ऐकू आली पाहिजे. आणि कुणी टोकलं तर मला फोन लावून द्या, मी बोलते त्यांच्याशी.