रोज तेवढाच व्यायाम कशासाठी?

रोजच्या व्यायामावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘काहीही झालं तरी रोज १०,००० पावलं’ हा आग्रह पटला नाही. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्याला तब्येतीपेक्षा मोठं कशाला करायचं?

सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. एरवी ६४ असते आणि आज ७४ लागली, झोपही धड झाली नसेल, तर पळणं सोडून सावकाश चालावं. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. चार शब्दांतच धाप लागली तर तो जोराचा. आपल्याकडे आयुर्वेदानेही अर्धशक्तीच, म्हणजे आपल्या ताकदीच्या निम्माच व्यायाम सांगितला आहे, तोही थंडीत आणि वसंतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याहून कमी. किती शहाणपणाचं आहे हे!

अंगात ताप असेल तर मात्र पूर्ण विश्रांतीच. व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे जिममधल्या पोरांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

आणि बीपीसाठी बीटा-ब्लॉकरच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंद राहते. त्यांनी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर न जाता श्वासावरून ठरवावं, डॉक्टरांना विचारून. त्यांच्यासाठी एक वेगळा लेख जरूर लिहा.