पंधरा मिलिमीटरची कॅट-आय सगळ्यांना शोभते? आधी पापणीच्या केसाला विचारा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या खान्देशात लग्नांची रांग लागते आणि ब्युटी टिप्सचे मेसेजही उतू जातात. सध्या जळगाव-धुळ्यापासून शिरपूर-शहाद्यापर्यंत बायकांच्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय, त्याची रीलही निघाली आहे. सांगणं थोडक्यात असं: १५ मिमी लांबीची, डी कर्लची (म्हणजे जास्त वळणाची), बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब होत जाणारी 'कॅट-आय' लॅश (पापणीच्या केसावर चिकटवायचं एक्सटेन्शन, म्हणजे कृत्रिम केस) कुठल्याही डोळ्याला शोभते. स्वतःच्या पापण्या विरळ असतील तर एक्सटेन्शन जाड घ्या. मिंकची घ्या, ती नैसर्गिक असते, तिचं वजनच जाणवत नाही. लांब लॅशमुळे आपल्याकडची धूळ डोळ्यांत जात नाही. उन्हाळ्यात गोंद पटकन वाळतो म्हणून हाच मोसम बरा, फक्त नंतर पाणी लावू नका. आणि रिफिल (गळलेल्या लॅशच्या जागा पुन्हा भरणं) हा पार्लरवाल्यांचा पैसे काढायचा धंदा आहे, एकदा लावल्या की तीन महिने बघायला नको.

मी जळगावात लॅशचंच काम करते. त्यामुळे हा मजकूर मोबाइलवर दाखवून 'अगदी अस्संच करा ताई' म्हणणाऱ्या शेवटी माझ्याच बेडवर येऊन आडव्या होतात. एकेक मुद्दा घेते, पण मजकुराच्या क्रमाने नाही. त्याचा क्रमच उफराटा आहे. तो आधी फोटो ठरवतो, मग डोळा, आणि सगळा भार ज्याच्यावर पडणार त्या केसाचं तर नावही काढत नाही.

'विरळ आहेत ना, मग जाड घ्या'

सगळ्यांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून सुरुवात इथून. एक्सटेन्शन कातडीवर चिकटवत नाहीत. चिमट्याने तुमचा एक केस बाजूला काढून, मुळापासून अर्धा-एक मिलिमीटर जागा सोडून, त्या एका केसावर ते बसवतात. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, लांबी ८ ते १२ मिमी. ज्यांच्या पापण्या विरळ असतात, त्यांचा एकेक केसही बहुतेकदा बारीकच असतो. त्या केसावर ०.२० ची लॅश ठेवायची?

लॅश येतात त्या ट्रेवर ०.१५, ०.२० असे आकडे असतात, ती मिलिमीटरमधली जाडी. ०.१५ आणि ०.२० मध्ये बघायला फरक नसल्यासारखाच, पण वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे (जाडी गुणिले जाडी) वाढतं. लांबी तीच ठेवली तर ०.२० ची लॅश ०.१० च्या चौपट आणि ०.१५ च्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त जड भरते. केळीला घड जड झाला तर आपण बांबूचा टेकू देतो, पापणीच्या केसाला टेकू कुठून आणणार? तो मान टाकतो, वळतो, वेळेआधी सुटून येतो. हे महिनोन्‌महिने चाललं तर मुळावर ताण बसून त्या जागी केस येणंच कमी होतं.

विरळ पापणीला ०.१० किंवा ०.१२ ची एकेरी लॅश चालते, नाहीतर छोटा फॅन, म्हणजे फार बारीक केसांचा पंख्यासारखा पसरलेला जुडगा. आता फॅनबद्दल दोन्हीकडून अर्धवट ऐकू येतं. कोणी म्हणतं व्हॉल्यूम (असे फॅन लावणं) म्हणजे जड, कोणी म्हणतं पिसासारखं, कितीही लावा. हिशेब करून बघा. ०.०५ चे पाच केस एकत्र केले तरी ०.१५ च्या एका लॅशच्या जवळपास निम्मंच वजन होतं. ०.०७ चे पाच घेतले तर ०.१५ च्या एका लॅशएवढंच, किंचित जास्तच. आणि ०.०७ चे दहा म्हणजे दुपटीच्या वर. तेव्हा 'व्हॉल्यूम हवं' एवढं सांगून भागत नाही. किती जाडीचे आणि किती, दोन्ही विचारायचं.

पापण्या अलीकडेच विरळ झाल्या असतील, खवले येत असतील, कडा लाल राहत असतील, तर माझ्याकडे येऊच नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइडमुळे किंवा पापणीच्या कडेच्या सुजेमुळेही केस जातात, त्यावर लॅश चढवणं म्हणजे दुखणं झाकणं. आणि एरंडेलाबद्दल प्रत्येकीची आई सांगते म्हणून लिहिते: एरंडेल लावून पापण्या वाढतात याला भक्कम पुरावा नाही. वाढवणारं म्हणून मान्यता मिळालेलं औषध बिमॅटोप्रोस्ट आहे, अमेरिकेत ते २००८ मध्ये मंजूर झालं. पण ते मुळात काचबिंदूचं औषध, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही.

मिंक

हा मुद्दा दोन ओळींचा. बाजारात 'मिंक', 'सिल्क' म्हणून मिळणारं जवळजवळ सगळं पीबीटी नावाचं प्लास्टिक असतं. नावं चकाकीवरून आणि टोक किती निमुळतं आहे त्यावरून पडलेली. खरं मिंक हा प्राण्याचा केस, तो कर्ल धरून ठेवत नाही, म्हणून मागे पडला. वजन डबीवरच्या नावाने कमी होत नाही, जाडी आणि लांबीने होतं.

'लांब लॅश धूळ अडवते'

हे वाचून मलाही क्षणभर पटल्यासारखं वाटलं होतं, कारण पापण्या त्यासाठीच तर असतात. पण किती लांब, हा प्रश्न आहे, आणि त्यावर प्रयोग झालेला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि कृत्रिम डोळा वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिला. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की डोळ्यासमोर हवा संथ राहते, ओलावा कमी उडतो, धूळ कमी बसते. दोन्ही जवळपास निम्म्यापर्यंत घटलं. लांबी त्यापुढे गेली की उलटं होतं, लांब केस वारा अडवायचा सोडून डोळ्याकडे वळवू लागतात.

माणसाचा उघडा डोळा रुंदीला ३० मिमीच्या आसपास. एक तृतीयांश म्हणजे १० मिमी, म्हणजे निसर्गाने दिलंय साधारण तेवढंच. १५ मिमी म्हणजे निम्मी रुंदी. आता मे महिन्यातली दुपार, भुसावळकडे निघालेली स्कूटी आणि समोरून येणाऱ्या उन्हाच्या झळा डोळ्यांसमोर आणा. आधीच डोळे कोरडे पडणारीने एवढ्या लांब लॅश लावून घेणं म्हणजे हौसेने चुरचुर विकत घेणं.

स्कूटीवरून आठवलं, आपल्याकडे स्कार्फ बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. डोळ्यांपुरती फट ठेवून कपडा कपाळावर ओढून घेतला की लांब लॅशची टोकं त्यात अडकतात, आणि सोडताना ओढ बसते. रोज गाडीवरून कॉलेज-नोकरी करणारीला मी ११ मिमीच्या वर सहसा जाऊ देत नाही. चष्मा असेल तरी तेच, नाहीतर प्रत्येक उघडझापीला काच पुसली जाते.

गोंद, ऊन आणि पाणी

'उन्हाळ्यात गोंद पटकन वाळतो.' लॅशचा गोंद वाळून घट्ट होतच नाही. तो सायनोअ‍ॅक्रिलेट, फेव्हिक्विकच्या घराण्यातला (म्हणून घरी फेव्हिक्विक लावायचं नाही, हेही सांगावं लागतं). तो घट्ट होतो हवेतल्या ओलाव्याने. बहुतेक गोंदांना ४५ ते ६० टक्के आर्द्रता आणि २०-२४ अंशांची खोली मानवते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंशांपर्यंत पारा आणि हवा कोरडी ठाक. अशा हवेत गोंद धरायला वेळ लावतो. लॅश घसरते, शेजारच्या केसाला चिकटते, आणि गोंद ओला राहतो तोवर त्याची वाफ डोळ्यांना लागत राहते. दोन तासांनी डोळे लाल करून उठतात त्यातल्या बऱ्याच जणींचं कारण हे.

मग पार्लरवाली कूलर लावते. इथे दुसरं टोक. कूलरचा ओला झोत थेट चेहऱ्यावर आला की गोंद बाहेरून एकदम धरतो, पांढरट पडतो आणि ठिसूळ होतो. त्या लॅश चार दिवसांत उशीवर सापडतात आणि दोष लॅशला मिळतो. खोलीत एसी आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर असेल, आणि ते बघून बाई गोंद निवडत असेल, तर मोसम कुठलाही चालतो. म्हणजे 'हाच मोसम बरा' हे खरं असेल तर फक्त लग्नं आहेत म्हणून.

पाण्याचं अर्धसत्य आहे. लावल्यानंतर पहिले काही तास, काही गोंदांना पहिला दिवस, पाणी टाळायचं असतं. त्यापुढे रोज धुवायचंच. घाम, पापणीचं तेल, काजळ आणि आपली धूळ यांचा थर लॅशच्या मुळाशी बसतो. न धुतलेल्या लॅशच्या मुळाशी जवळून पाहिलं तर कोंड्यासारखी पिवळसर खपली दिसते, आणि पापणीची कड सुजून खाजायला लागते. तेलरहित फोम, मऊ ब्रश, बंद डोळे, मुळाकडून टोकाकडे हलकेच, मग साधं पाणी आणि टिश्यूने नुसतं टिपायचं. जे खरोखर टाळायचं ते तेल. हळदीला करवल्यांना आवरा. तेलात कालवलेली हळद कपाळावरून ओघळून पापणीत उतरली की गोंदाची पकड ढिली होते, आणि ती काढायला चोळावं तर लॅशही जाते. नवरीच्या लॅश मी शक्यतो हळद उरकल्यावर लावते. पॅच टेस्ट (थोडासा गोंद लावून अ‍ॅलर्जी येते का ते बघणं) मात्र लॅश लावण्याच्या दोन दिवस आधीच झालेली हवी, कारण अ‍ॅलर्जी लगेच दिसतेच असं नाही.

'कुठल्याही डोळ्याला कॅट-आय'

आता डोळ्याकडे येऊ. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरा, मान सरळ, हसू नका, आणि फोटो काढा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक आडवी रेघ मनात ओढा. बाहेरचा कोपरा रेघेच्या वर आहे, रेघेवर आहे, की खाली? खाली असेल तर कॅट-आय तुमच्यासाठी नाही. सर्वांत लांब लॅश उतरत्या कोपऱ्यावर बसवली की ती कोपऱ्याबरोबर खालीच बघते, आणि नटलेली नवरी झोप न झाल्यासारखी दिसते. अशाच एकीच्या आजीने लॅश बघून मला तोंडावर विचारलं होतं, "हाई काय शे वं डोयाले?" (हे काय आहे गं डोळ्याला?) आजीचं बरोबर होतं. या डोळ्याला सर्वांत लांब लॅश भुवईच्या कमानीखाली, म्हणजे आतल्या कोपऱ्यापासून पाऊण अंतरावर हवी, आणि कोपऱ्याकडे जाताना लांबी कमी पण वळण जास्त. या रचनेला स्क्विरल म्हणतात.

कॅट-आयची अडचण कोपरा वर असलेल्यांनाही येते, फक्त ती फोटोत दिसत नाही. बाहेरच्या कोपऱ्यातले केस मधल्यांपेक्षा बहुधा आखूड आणि बारीक असतात. म्हणजे सर्वांत लांब लॅश सर्वांत कमी ताकदीच्या केसांवर. आठ मिलिमीटरच्या केसावर १५ मिमी लावली तर जवळपास निम्मी पुढे लोंबते. आपल्या केसापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, ही मर्यादा मी लग्न असो की वाढदिवस, सोडत नाही.

दुसरी गोष्ट डी कर्लची. नवरीच्या आईलाही हल्ली लॅश हव्या असतात, आणि हव्यातच. चाळिशी-पन्नाशीत वरची पापणी थोडी उतरते, डोळा उघडल्यावर वरची घडी दिसेनाशी होते. तिथे लांब डी कर्ल लावला की टोकं वळून त्या लोंबत्या कातडीला टोचतात, आणि मावशी मांडवभर डोळे मिचकावत फिरतात. त्यांना एल किंवा एम कर्ल बरा: बुडाला सपाट, मग एकदम वर उचललेला. ज्यांच्या पापण्या सरळ खाली बघतात त्यांनाही हाच, कारण सपाट बुडामुळे केसाला चिकटायला जास्त जागा मिळते. सरळ केसावर डी कर्ल टेकतो जेमतेम एका बिंदूला, तो टिकणार कसा?

बाकीचं पटकन. डोळे मोठे आणि पुढे आलेले असतील तर मध्यभागी लांब ठेवणारी डॉल-आय नको, ते अजून बटबटीत दिसतात. मऊ बी किंवा सी कर्ल (डीपेक्षा कमी वळणाचा), लांबी बेताची. खोल डोळ्यांना थोडी लांबी चालते, पण वळण कमी. दोन डोळ्यांत अंतर जास्त असेल तर भर मध्यावर, कमी असेल तर बाहेरच्या बाजूला. आणि पापण्या मुळात लांब, काळ्या आहेत, फक्त सरळ आहेत, अशा खान्देशात पुष्कळ जणी आहेत. त्यांना एक्सटेन्शन कशाला? लॅश लिफ्ट करा, स्वतःचेच केस वळतील आणि खर्चही सहसा कमी येईल.

रिफिल आणि तीन महिने

पापणीचे केस रोज थोडे थोडे गळतात, लॅश लावली नाही तरी गळतात. गळताना ते आपल्यावरची एक्सटेन्शन घेऊन जातात. जी टिकते ती केस वाढेल तशी मुळापासून दूर सरकते, टोकाला जड होऊन आडवी फिरते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी मोकळ्या जागा भरायच्या आणि सरकलेल्या काढायच्या. तीन महिन्यांनी उरतात त्या चार-दोन वेड्यावाकड्या. रिफिल नको असेल तर नकोच, तुमचे पैसे आहेत. पण मग पूर्ण काढून घ्या. क्रीम रिमूव्हरने काही मिनिटांत गोंद मऊ होतो आणि लॅश आपणहून सरकून येते. नखाने ओढलेल्या लॅशच्या बुडाला मात्र नीट बघा, तिथे तुमचा केस मुळासकट चिकटलेला असतो. लावायला गेलात की आधी विचारा, काढायचं क्रीम ठेवता का. नाही म्हणाल्या तर पर्स उचला आणि घरी या.