गणपतीला गावी जाताय? मग चांगल्या माणसांपासून जपून

गणपतीला गावी निघालाय ना, मग एक सांगून ठेवतो. चोर-पाकीटमारांचं टेन्शन घेऊ नका, ते बिचारे पाकीट घेऊन गपचूप उतरून जातात. खरा ताप असतो चांगल्या माणसांचा, ती एकदा चिकटली की कणकवलीपर्यंत सोडत नाहीत.

म्हणून पहिलं काम, तिकीट कन्फर्म पाहिजे. बुकिंग 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं (पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून कमी केलं), तुम्ही 7.55 पासून मोबाईल हातात धरून देवाचं नाव घेत बसायचं आणि ओटीपी येईस्तोवर वेटिंग 200 च्या वर गेलेलं बघायचं. मग राहतो जनरल डबा, आणि सगळी भानगड तिथंच सुरू होते.

कारण डब्यात पाय ठेवायला जागा नाही, तुम्ही दारापाशी एका पायावर, पाठीवर सॅक, हातात मखराचं थर्माकोल (बंदी आहे माहितीये, पण भावाने मागवलंय), आणि आतून आवाज येतो, "रे बाबू, हंय ये. सरक गो जरा, तेका बसूक दी." चार जणांच्या बाकावर आधीच सहा जण असतात, तुम्ही सातवे. हे विज्ञानात बसत नाही, बाकावर बसतं. इथे ठाम नकार द्यायचा. म्हणायचं, नको काकी, मी उभाच बरा, पनवेल ते कणकवली म्हणजे असे किती तास. पण तुमच्याच्याने व्हायचं नाही, तुम्ही बसणार.

बसलात की चौकशी. गाव खंयचो, वाडी खंयची, कोणाचो झील तू. तीन प्रश्नांत काकी तुमच्या आजोबांपर्यंत पोचतात, चौथ्यात तुमच्या आत्येची जाऊ त्यांच्या माहेरची निघते. मुंबईत तुमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटात कोण राहतं हे तुम्हाला सहा वर्षांत कळलेलं नाही, आणि इथे रोहा यायच्या आत तुमची बहीण कुठे दिली ते अख्ख्या कंपार्टमेंटला पाठ. यावर उपाय एकच, इअरफोन. गाणी नाही लावली तरी चालेल, नुसते कानात घालून मान हलवत राहायचं. मात्र रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात रेंज जाते आणि रील थांबतं, तेव्हा चुकूनही समोर बघू नका. बघितलंत की जेवणाचा डबा पुढे येतो.

डब्याबद्दल जरा सविस्तरच सांगतो, माणूस फसतो तो तिथेच. अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नये असं स्टेशनात दर दहा मिनिटांनी सांगतात, ते खरंच आहे. पण सांगणाऱ्या बाईला कोणी कधी थंड झालेली आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ क्रॉसिंगला अर्धा तास थांबलेल्या गाडीत दिलेली नसावी. बहुतेक मार्ग अजून सिंगल लाईन, समोरून गाडी येणार असेल तर आपण बाजूला उभं राहायचं, बाहेर धो धो पाऊस, पंखा बंद, पोटात सकाळचा वडापाव. अशा वेळी तत्त्वं वगैरे टिकत नाहीत. तुम्ही "नको नको" दोनदा म्हणता, तिसऱ्यांदा काकी "खा रे मेल्या, लाजतस कित्याक" म्हणतात आणि संपलं.

पाठोपाठ एक अख्खी फॅमिली तुमच्या मांडीवर पोर ठेवून पाणी आणायला जाते. विचारतसुद्धा नाहीत. ओळख ना पाळख, तुम्ही आधार कार्डाची झेरॉक्स दिल्याशिवाय कोणाला घरात घेत नाही, आणि ही माणसं नऊ महिन्यांचं लेकरू देऊन मोकळी. ते तुमच्या शर्टावर झोपतं. हलू नका.

कणकवलीला उतरलात की सुटलो म्हणू नका. पहाटेची वेळ, पहिल्या एसटीला अजून अवकाश, एक रिक्षावाला तुम्हाला तिठ्यापर्यंत सोडतो आणि पैसे विचारल्यावर म्हणतो, माझा घर थंयच. नंतर कळतं की त्याचं घर उलट दिशेला. हा सरळसरळ खोटेपणा आहे, अशा माणसांवर कसा विश्वास ठेवायचा?

घरी गेल्यावर मात्र नीट सांगा. म्हणा, कसला प्रवास, जाम हाल झाले, एकट्याने आलो. आई चहा देईल, सॅक रिकामी करेल, आणि तिच्या हाताला स्टीलचा डबा लागेल, जो आपल्या घरचा नाही. वैभववाडीला दोन मिनिटांच्या हॉल्टमध्ये गडबडीत उतरताना काकींनी तो तुमच्या हातात कोंबला होता, "र्‍हवलेला खाऊन टाक" म्हणून.

आई तो धुणार, पुसणार. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात पाच मोदक भरणार आणि विचारणार, कोणाचा रे?

तुम्हाला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन माहिती, सुनेचं तिखट चालत नाही ते माहिती, धाकट्याची नोकरी गेली ते माहिती. नाव नाही. त्यांनी तुम्हाला सगळं विचारलं, तुम्ही इअरफोन सांभाळत होतात. आई डबा उलटा करून बुडाशी घातलेलं नाव वाचते, "मामाकडून, 1994".

तर सल्ला एवढाच की डबा घेऊ नका. आमच्याकडचा फळीवर आहे, त्यात सध्या जिरं ठेवलंय.