कमल बस्ती आणि आपला स्लॅब

"बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 800 वर्षं उभी आहे. काँक्रीटही दगडच. हवामानबदलानं स्लॅब खराब होतो ही थाप आहे. गंज गोव्याला लागतो, आपल्याकडे नाही. स्लॅब फुटला म्हणजे ठेकेदारानं सिमेंट चोरलं." खानापूरपासून निपाणीपर्यंत हा मजकूर मोबाईलवर फिरतोय. घर बांधायला काढलेली माणसं तो खरा मानतात, म्हणून लिहितोय.

कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 चं. तिथं दगडाचा भार दगड पेलतो. स्लॅबचा ताण सळी पेलते आणि घात होतो तो सळीचाच. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो, आतून काँक्रीट फोडतो आणि छताचे पोपडे पडतात.

गंजाला समुद्राचं मीठच लागतं असं नाही. चांगल्या काँक्रीटचा पीएच (अल्कधर्मीपणाचं माप) 12.5 च्या वर असतो, तो तिथं असेतोवर सळीला गंजापासून कवच मिळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून आतला चुना संपवतो, पीएच 9 च्या खाली जातो आणि हे कवच सुटतं. हा वायू 1960 साली दशलक्ष भागांत 317 च्या आसपास होता, आज 420 च्या वर आहे. काँक्रीट मध्यम दमट असताना तो सर्वांत वेगानं शिरतो. चिंब भिजलेल्यात जवळजवळ थांबतो. पण गंजाला पाणी हवं. म्हणजे कोरड्या महिन्यांत वायू वाट करून देतो आणि खानापूरचा पाऊस गंज चढवतो. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळे मुसळधार सरी वाढतात. 2019 च्या पुरात या जिल्ह्यातली किती घरं दिवसचे दिवस पाण्यात होती, हे कुणी विसरलेलं नाही.

ठेकेदाराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. वायू किती खोल जाईल ते साधारण काळाच्या वर्गमुळावर ठरतं: 20 मिलिमीटर कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) ओलांडायला 40 वर्षं लागत असतील, तर 10 मिलिमीटरला 10च. वाढती उष्णता कामातली चूक माफ करत नाही. उन्हात ताज्या काँक्रीटमधलं पाणी उडालं की पृष्ठभाग सच्छिद्र राहतो. दुकानात बहुतेक पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं. त्याला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस, कडक उन्हात 14 दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे चौथ्या दिवशी नळी गुंडाळतात.

सळी बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी स्वतः सेंटरिंगवर चढा. सळीखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले दिसले, तर काम तिथंच थांबवा.