सरपंचकाकांना प्रश्न विचारायचे नसतात, बाळा

चौथीच्या मुलांना स्थानिक स्वराज्य शिकवायचंय? अगदी सोपं आहे. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या आठवड्यात शाळेची ग्रामपंचायतीला क्षेत्रभेट झाली. त्या अनुभवावरून थोड्या सूचना करते, झेरॉक्स काढून वाटा हवं तर.

सुरुवात आकड्यांनी करा. सदस्य कमीत कमी 7, जास्तीत जास्त 17. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. पंचायतराजची 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू. पोर हे घडाघडा म्हणायला लागलं की त्याला लोकशाही आली असं समजा. वाडीतल्या नळाला तीन दिवस पाणी का नाही, हे परीक्षेत येत नाही.

'दिवाबत्ती कर' हा शब्द शुद्धलेखनासह पाठ करून घ्या. खांबाकडे बघू देऊ नका.

क्षेत्रभेटीला नेण्याआधी बॅनर छापा. मुलं नसली तरी भेट होते, बॅनर नसला तर होत नाही.

आता मुख्य सूचना. सरपंचपद महिलांसाठी राखीव असेल, तर नावांच्या फलकाखाली मुलांना उभं करू नका. आमच्या शाळेच्या बाईंचं इथेच चुकलं. फलकावर शेवटचं नाव, रंग अजून ओला वाटावा इतकं ताजं, एका बाईंचं. त्याच्या बरोबर खाली, पाठीला टॉवेल टाकलेल्या खुर्चीत, त्यांचे यजमान. मुलांना क्रीमची बिस्किटं वाटणं चाललेलं. माझ्या लेकीने नाव मोठ्याने वाचलं नि विचारलं, "काका, नाव तर बाईंचा हा. मगे त्या खंय हत?" तेही मालवणीत, म्हणजे गुन्हा दुहेरी.

"ती घराकडे जेवाण करता. काय ईचारूचा ता माका ईचार."

पोरीने खरंच विचारलं. "आमच्या वाडयेचो साकव कधी होतलो?"

साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, गेल्या पावसात वाहून गेला. तेव्हापासून आमची पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन वरच्या पाणंदीने वळसा घालून शाळेत जातात. प्रश्न त्याच पायांतून आलेला. पण खोलीत शांतता पसरली, बाईंनी दंडाला धरून तिला मागच्या रांगेत उभं केलं, आणि संध्याकाळी डायरीत शेरा आला: 'मान्यवरांसमोर उद्धट बोलते. पालकांनी समज द्यावी.'

समज कसली द्यायची? पन्नास टक्के आरक्षण असतं, सरपंच थेट जनतेतून निवडून येतो, हे त्याच बाईंनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलेलं. पोरीने फळ्यावरचं खरं धरलं, एवढाच तिचा उद्धटपणा. आणि त्या जेवण करणाऱ्या बाई? त्यांना मी ओळखते. बचतगटाचा हिशेब पैशापैशाला जुळवतात. त्यांना खुर्चीत बसू दिलं असतं तर साकवाचं उत्तर त्यांनी दिलं असतं, निदान कागद कुठे अडलाय ते तरी सांगितलं असतं. यजमानांनी काय सांगितलं? "बिस्कीट घे गो."

ग्रामसभा मात्र शिकवूच नका. गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतले जे कमी ते, हे सांगायला गेलात तर पोरं शाळेच्या पडवीत बसलेली डोकी मोजतील.

मोजू देत. खरंच मोजू देत! शाळेला काय बोलायचं, आपणच कोण मोठे लागून गेलो? गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी गावाचं कसं वाटोळं झालं यावर रात्रभर बोलतात आणि 15 ऑगस्टच्या सभेला गावातलेच आपण अठरा जण. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे मग चारचौघांत सगळं मंजूर. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिची वही आमच्याकडे दारात येते. मीही भाकरी तव्यावर टाकून, पिठाच्या हाताने सही केलीय, एकदा नाही, चारदा. वर काय लिहिलंय ते न वाचता. त्या सह्यांवर तो टॉवेलवाला खुर्चीत बसलाय. लाज वाटायला हवी आपल्याला. नऊ वर्षांची पोर विचारते आणि आपण तिला डोळे वटारतो!

डायरीतल्या शेऱ्याखाली पालकांची सही लागते. या वेळी वाचून केली. आणि सहीच्या वर, त्याच रकान्यात, निळ्या पेनाने लिहून पाठवलं: साकव कधी होतलो?